देणगी मागायला शिकलं की श्रद्धा कमी होते का?

खतावणी

एका धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांचं लिखाण दोन दिवस सगळीकडे फिरतंय. सार असं : सेवा खरी असेल तर पैसा आपोआप येतो, आणि देणगी मागायचं प्रशिक्षण घेतलेली पगारी माणसं संस्थेत शिरली की तिथून देव उठून गेला असं समजावं. त्याखाली नमस्कारांची रांग. वाचून मला मनापासून राग आला, म्हणून जरा लांब लिहिते.

मी अशाच एका संस्थेत देणगीदारांचं काम बघते. पगार घेते. आपोआप आलेला पैसा मी अजून पाहिलेला नाही. कोणीतरी पत्र लिहिलेलं असतं, कोणीतरी भेटून आलेलं असतं, मागच्या देणगीचं काय झालं ते कोणीतरी वेळेवर कळवलेलं असतं. बहुतेक ठिकाणी हे सगळं संस्थापक एकटे करतात आणि इतक्या सहज करतात की इतरांना ते काम वाटतच नाही. ते गेले की कळतं : नावं एका जुन्या डायरीत, कोण कशासाठी देत होतं ते कुणालाच ठाऊक नाही. देणग्या आटतात आणि सगळे म्हणतात, लोकांची श्रद्धा आटली. श्रद्धा होती तिथंच असते, बोलणं थांबलेलं असतं.

आणि धर्माचं नाव घेऊन हे बोलू नये. गीतेचा सतरावा अध्याय सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र बघायला सांगतो. आम्ही काही सांगितलंच नाही तर देणाऱ्यानं पात्र ओळखायचं कशावरून? बायबलमध्ये पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे अध्याय म्हणजे यरुशलेममधल्या गरिबांसाठीचं वर्गणीचं आवाहनच आहे, आणि एवढी रक्कम हाताळताना कुणी बोट ठेवू नये म्हणून सोबत आणखी माणसं पाठवतोय, हेही तो लिहितो. कुराणात जकातीचे, म्हणजे सक्तीच्या धर्मदानाचे, जे आठ हक्कदार सांगितलेत (सूरह तौबा, आयत 60), त्यात जकात गोळा करण्याचं काम करणारे आहेत.

प्रशिक्षणात शिकवतात तरी काय? भेटीला जाण्याआधी त्या माणसाच्या जुन्या नोंदी वाचा. नेमक्या कामासाठी नेमकी रक्कम मागा. मागून झालं की गप्प बसा, समोरच्याला विचार करू द्या. नकार आला तरी पुढचा अहवाल त्याला पाठवाच. यात देव उठून जाण्यासारखं काय आहे?

वाटसरू

ते लिखाण माझं नाही, पण त्यातला शब्द न् शब्द मला पटतो. उमेदीची सगळी वर्षं मी विनावेतन या कामात घातली.

ख्रिस्ती धर्मोपदेशक जॉर्ज म्युलर यांचं नाव तुम्ही सोयीस्कर गाळलंत. 1836 मध्ये ब्रिस्टलला अनाथ मुलांचं घर उघडलं, आयुष्यभरात दहा हजारांवर मुलं सांभाळली, कुणाकडे पैसे मागितले नाहीत. फक्त प्रार्थना.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगतो. आमच्याकडे एक वृद्ध बाई दर महिन्याला थोडी रक्कम आणून द्यायच्या. प्रार्थनेला बसायच्या, कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत. एक तरुण कार्यकर्ता तुमच्यासारखंच प्रशिक्षण घेऊन आला. त्यानं त्यांच्या जुन्या नोंदी वाचल्या, मूलबाळ नाही हे हेरलं आणि घरी जाऊन मृत्युपत्राचा विषय काढला. नेमकी मागणी, मग शांतता, सगळं तुम्ही लिहिलंय तसंच. त्या बाई पुन्हा प्रार्थनेला आल्या नाहीत. पैसे राहू द्या, त्यांची प्रार्थना बंद पडली. याचा हिशेब कोणत्या नोंदवहीत लिहायचा?

निवृत्त_लेखनिक

म्युलर यांनी मागितलं नाही हे खरं. पण ते दरवर्षी अहवाल छापायचे. कुठून किती आलं, कशावर गेलं, आज सकाळी दुधाला पैसे नव्हते आणि दुपारी कसे आले, असं सगळं. आत्मकथनाचा पहिला भाग 1837 मध्येच छापला होता. इतका चोख जमाखर्च आणि इतकं जिवंत लिखाण लोकांच्या हाती पडत असेल तर वेगळं मागावं लागतच नाही. लिहिणं हेही कौशल्यच आहे.

जाता जाता माझं जुनं दुखणं. ‘इमारतीसाठी’ म्हणून आलेला पैसा पगाराकडे वळवायचा आणि वर्षअखेरीस मला म्हणायचं, “काका, बसवा कुठंतरी.” मागायला शिकवणाऱ्यांनी आधी विश्वस्तांना हे शिकवावं की हेतू सांगून दिलेला पैसा त्या हेतूलाच लागतो. पगाराला हवा असेल तर पगारासाठी म्हणून मागा. ते मागायची लाज वाटते, म्हणून खोटं शीर्षक दिलं जातं.

वाटसरू

1841 च्या शेवटी हातात जवळजवळ काही उरलं नव्हतं, तेव्हा म्युलर यांनी अहवाल आणि सभा मुद्दाम पुढे ढकलली. अहवाल म्हणजेच पैशाची मागणी ठरू नये म्हणून. तुमचा प्रशिक्षित माणूस असं करील? तो त्याच आठवड्यात ‘तातडीचं आवाहन’ काढील.

खतावणी

म्युलर यांचा मार्ग एकाला झेपला. तो सगळ्यांवर नियम म्हणून लादू नका. पंडिता रमाबाईही श्रद्धेवर चालणाऱ्याच होत्या ना? 1887 मध्ये त्यांनी अमेरिकेत इंग्रजी पुस्तक छापलं, व्याख्यानं देत फिरल्या, आणि त्याच डिसेंबरात बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी स्थापन झालेल्या मंडळानं दहा वर्षं खर्च चालवायचं कबूल केलं. त्यातून 1889 मध्ये विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, उभी राहिली. त्या मागत फिरल्या नसत्या तर त्या विधवा मुली कुठं गेल्या असत्या?

त्या वृद्ध बाईंचं वाचून मात्र वाईट वाटलं. एकट्या माणसाच्या दारात पहिल्याच भेटीत मृत्युपत्र काढायचं नसतं, हे चांगलं प्रशिक्षण आधी शिकवतं.

वाटसरू

चांगलं घडलं की श्रेय प्रशिक्षणाचं, वाईट घडलं की ते प्रशिक्षणच चांगलं नव्हतं. आणि रमाबाईंचा विषय काढलाच आहे तर 1893 ही आठवा. शाळेत धर्माची शिकवण नाही अशी हमी होती, मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या, आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. एकाला एक आणि दुसऱ्याला एक सांगण्यालाच तुम्ही संवादकौशल्य म्हणता का?

निवृत्त_लेखनिक

रमाबाईंनी दोन तोंडांनी सांगितलं असं म्हणणं अन्याय आहे. मुलींवर सक्ती नाही आणि आपली प्रार्थना चोरून करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. सल्लागारांनी त्याच हमीचा अर्थ वेगळा धरला होता. आपण धर्मकार्य किती आणि समाजकार्य किती करतो, हे दात्याला पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहावं, एवढा धडा घ्या. रमाबाईंच्या प्रामाणिकपणावर जाऊ नका.

ओंजळ

मी फक्त देणगीदार आहे. देऊन झाल्यावर माझ्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो. एका संस्थेला विहिरीसाठी पैसे दिले. पावती आली, मग सणाच्या शुभेच्छा आल्या, मग पुढच्या मोहिमेसाठी फोनवर फोन. विहिरीला पाणी लागलं का, हे आजतागायत कळलेलं नाही. पाणी लागलं नाही असं कळवलं असतं तरी मी पुन्हा दिले असते.

शेवंती

मी संस्थांना आवाहनपत्रं लिहायला शिकवते. ओंजळ म्हणतात ते शंभर टक्के खरं. पण अहवाल पाठवले तरी वाचतं कोण? आकड्यांना माणूस हलत नाही, चेहऱ्याला हलतो. 2007 मध्ये स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी वाचून लोकांनी सरासरी 1.14 डॉलर दिले. एका लहान मुलीचं नाव, फोटो आणि गोष्ट दाखवल्यावर 2.38. दोन्ही एकत्र दाखवलं तर आकडा 1.43 वर उतरला. म्हणून मी सांगते : एक मूल, एक फोटो, एक गोष्ट. प्रवचनकारही तेच करतात, सिद्धांताआधी दृष्टांत देतात.

मधला_बाक

तो फोटो मी आहे.

एका धार्मिक संस्थेच्या वसतिगृहात वाढलो. चौथीत असताना माझा फोटो काढला. त्या दिवशी अंगातला धड सदरा काढून जुना घालायला सांगितला होता. खाली माझं नाव, गाव, आणि वडील दारूनं गेले ही ओळ. ते पत्रक वर्षानुवर्षं चाललं. कॉलेजात एका मित्राच्या घरी गेलो तर त्याच्या आईनं ते ड्रॉवरमधून काढून दाखवलं. “हा तूच ना रे?” फार मायेनं विचारलं त्यांनी. मी त्या घरी पुन्हा गेलो नाही.

दृष्टांतातली माणसं कॉलेजला जात नाहीत, शेवंतीताई. मी जात होतो.

वाटसरू

बघा. याच्यासाठीच मी सुरुवातीपासून ओरडतोय. हे तुमचं कौशल्य.

मधला_बाक

काका, माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. आमच्या संस्थेत प्रशिक्षित माणूस एकही नव्हता. सगळे तुमच्यासारखे विनावेतन, साधे, निष्ठावान. दात्याचा वाढदिवस असला की आम्हाला अंघोळी घालून ओळीनं उभं करायचे. दात्याचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची, मग जेवण. जेवण समोर निवत असायचं. हे करायला कुणी अभ्यासक्रम केला नव्हता. सेवाभाव होता म्हणून चुकीचं काही घडूच शकत नाही, असं सगळ्यांना वाटत होतं. मला त्या संस्थेनं शिकवलं, त्याबद्दल कृतज्ञता आहे आणि राहील. पण कृतज्ञतेचे हप्ते माझ्या चेहऱ्यातून का फेडून घेतले?

शेवंती

सदरा बदलायला लावणं हे सरळ खोटं आहे, ते मी कधीच शिकवलेलं नाही. पण एका वाईट अनुभवावरून गोष्ट सांगणंच बंद करायचं का? फोटो नसलेल्या आवाहनाला प्रतिसाद कमी येतो, हे मी स्वतः पाहिलंय. त्या कमी पैशात किती मुलांना परत पाठवायचं, हेही मग तुम्हीच ठरवा.

मधला_बाक

हा प्रश्न मला विचारता?

निवृत्त_लेखनिक

शेवंतीबाई, ते वाक्य मागे घ्या. ज्याच्यावर हे बेतलं त्यालाच खर्चाचा हिशेब देऊ नका.

शेवंती

त्यांना तो प्रश्न विचारायला नको होता, तेवढं मागे घेते. पैशाचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे.

खतावणी

यावर विचार आधीच झालेला आहे. 1984-85 च्या इथिओपियातल्या दुष्काळाची छायाचित्रं जगभर फिरली, त्यावर संस्थांमध्येच वाद झाला आणि 1989 मध्ये युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांनी चित्रं आणि संदेशांसाठी आचारसंहिता केली. दयनीय चित्रं नकोत, माणसाची प्रतिष्ठा आधी. आमच्याकडे नियम असा : नाव-गाव बदलायचं, मजकूर मुलाला वाचून दाखवायचा, लेखी संमती घ्यायची, आणि ती कधीही मागे घेता येते. हेही प्रशिक्षणातच शिकवतात.

वाटसरू

आचारसंहिता असते हे मान्य करतो, बाकी काही मान्य नाही. मला एकच सांगा, तुम्हाला आणलेल्या पैशावर टक्केवारी मिळते का?

खतावणी

नाही. फंडरेझिंग करणाऱ्यांची एएफपी ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या आचारसंहितेतच टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई आहे. ठरलेला पगार, बस्स.

वाटसरू

मग पगाराला माझी हरकत नाही असं लिहून ठेवा. नाइलाजानं म्हणतोय. पण टार्गेट दिलंत की टक्केवारी मागच्या दारानं आत येते, आणि त्या वृद्ध बाईंच्या दारात तो मुलगा टार्गेटमुळेच गेला होता.

खतावणी

वार्षिक उद्दिष्ट असतंच, पण ते संस्थेचं. माणसामागे आकडा लावला जातो तिथं तुमचं म्हणणं बरोबर आहे. आमच्याकडेही एका विश्वस्तांना तो लावायचाय. मी विरोध करतेय.

मधला_बाक

खतावणीताई, तुमच्या त्या संमतीबद्दल. मुलाचं जेवण, फी, अंथरूण सगळं तुमच्याकडून येतं. त्याच्यासमोर कागद ठेवून विचारता, चालेल का? तो नाही म्हणेल? मी तर हसत उभा राहिलो होतो. मूल तुमच्याकडे राहतंय तोवर फोटोच नको. बाहेर पडून पायावर उभं राहिलं की विचारा. तेव्हा हो म्हणणारे पुष्कळ भेटतील. कदाचित मीही म्हणेन, पण शब्द माझे असतील आणि वडिलांबद्दल त्यात एक अक्षर नसेल.

खतावणी

हे आमच्या नियमात नाही. यायला हवं. विश्वस्तांच्या पुढच्या सभेत मांडते, आणि पहिल्या वर्षी देणग्या खाली येऊ शकतात हेही त्याच टिपणात लिहिते. नाहीतर सहा महिन्यांनी जुनी पत्रकं पुन्हा बाहेर काढतील.

शेवंती

मी सहमत नाही. पण टिपण तयार झालं की मला पाठवा. फोटोशिवायचं आवाहन कसं लिहायचं ते बघते. विहिरीला पाणी लागलं का, इथून सुरुवात करता येईल.

ओंजळ

मला अजून कुणी सांगितलेलं नाही.