८०८५ मायक्रोप्रोसेसर: बेरजेचं उत्तर कायम ०० का येतं? आणि 'एम' हे रजिस्टर नक्की आहे कुठे?

नवशिका८५
२०५० ते २०५४ या पत्त्यांवर ०१ ते ०५ या संख्या आहेत, बेरीज २०६० वर हवी (सगळं हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायाच्या आकड्यांत). ट्रेनर किटवर (८०८५ शिकायच्या बोर्डवर) २००० पासून हे भरलंय:

एलएक्सआय एच, २०५० ; एचएल जोडीत २०५०
एलएक्सआय बी, ०००५ ; बीसी जोडीत ५
एक्सआरए ए ; ए शून्य
पुन्हा: एडीडी एम ; ए मध्ये एम मिळवा
आयएनएक्स एच ; एचएल एकने वाढवा
डीसीएक्स बी ; बीसी एकने कमी
जेएनझेड पुन्हा ; शून्य नसेल तर 'पुन्हा'वर उडी
एसटीए २०६० ; ए ची किंमत २०६० वर
एचएलटी

०एफ (म्हणजे १५) यायला हवं, येतं ००. कधी किट अडकूनच बसतं. आणि रजिस्टरांच्या (प्रोसेसरमधल्या साठवणजागांच्या) आकृतीत 'एम' कुठेच दिसत नाही, त्यात काय असतं?

हेक्सवाला
एम हे रजिस्टर नाहीच. एचएल जोडीत जो पत्ता असेल, मेमरीतल्या त्या जागेवरची एक बाइट म्हणजे एम. म्हणून 'मूव्ह ए, बी'ला (बी ची किंमत ए मध्ये) ४ क्लॉक, म्हणजे घड्याळाचे ठोके, पुरतात आणि 'मूव्ह ए, एम'ला ७ लागतात. मेमरीची फेरी वाढते. गंमत म्हणजे 'मूव्ह एम, एम'च्या वाट्याला येणारा ७६ हा कोड इंटेलनं एचएलटीला (थांबायच्या आज्ञेला) देऊन टाकलाय.

चूक डीसीएक्समध्ये आहे. १६ बिटांचे आयएनएक्स आणि डीसीएक्स एकाही फ्लॅगला (उत्तर शून्य आलं का, हातचा आला का, हे सांगणाऱ्या बिटाला) हात लावत नाहीत. त्यामुळे जेएनझेडला दिसतो तो एडीडी एमनं ठरवलेला झेड (शून्याचा) फ्लॅग. बेरीज फिरून ०० होईपर्यंत लूप पाचव्या संख्येच्या पुढची मेमरीही मिळवत जातं. थांबलंच, तर उत्तर ०० च असणार.

टीस्टेट
यावरचा नेहमीचा उपाय, म्हणजे डीसीएक्सनंतर 'मूव्ह ए, सी' आणि 'ओआरए बी' (ए आणि बी चा ऑर, बी-सी दोन्ही शून्य झाले का पाहायला), इथे घालू नका. ए मध्ये तुमची बेरीज आहे, ती पुसली जाईल. मोजायचंय फक्त पाचपर्यंत, तेव्हा 'एमव्हीआय सी, ०५' (सी मध्ये ०५) आणि 'डीसीआर सी' (सी एकने कमी) घ्या. डीसीआर झेड फ्लॅग बदलतो.

मात्र एमव्हीआय २ बाइटचा, एलएक्सआय ३ चा. पुढचं सगळं एक घर वर सरकतं, 'पुन्हा' २००७ वरून २००६ वर येतं. जेएनझेडमध्ये जुना पत्ता राहिला तर उडी थेट आयएनएक्सवर पडते आणि उत्तर येतं ०१.

नवशिका८५
तेच झालं होतं, आधी ०१ आलं! पत्ता बदलल्यावर ०एफ. जेएनझेडचे बाइट सी२ ०६ २० असेच ना?

हेक्सवाला
हो, खालची बाइट आधी. एलएक्सआयलाही तसंच, २१ ५० २०. उलट भरलंत तर एचएलमध्ये ५०२० जातं आणि किट तक्रार न करता तिथला कचरा मिळवत बसतं.

बेरीज एफएफच्या (एका बाइटच्या कमाल किमतीच्या) वर जाणार असेल तर एडीडी एमच्या लगेच पुढे जेएनसी (कॅरी, म्हणजे हातचा, नसेल तर उडी) टाका, कॅरी आला तर 'आयएनआर डी' (डी एकने वाढवा). डी आधी शून्य करायला विसरू नका. पुढच्या एडीडीपर्यंत थांबलात तर तो कॅरी गेला.