बुडालेला फुटबॉल क्लब विकत घेताना नवा मालक नेमकं काय घेतो?

उत्तर_स्टँड
इंग्लंडमधल्या खालच्या लीगबद्दल विचारतोय. क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे दिवाळखोरीच्या तोंडावर कारभार प्रशासकाच्या हाती गेला, की पहिली बातमी येते ती १२ गुण कापल्याची. मग कित्येक महिने खरेदीदार येतात आणि जातात. देणी तर गोठवलेली असतात, मग घोडं अडतं कुठे? आणि मैदान क्लबच्या नावावर नसेल तर नवा मालक पैसे मोजून घेतो तरी काय? सीझन तिकिटाचे पैसे आधीच भरलेत, त्यांचं काय होतं?

हिशेबतपासनीस
गोठतात ती जुनी देणी. प्रशासक नेमल्यानंतरचे पगार, वीज, सामन्यांचा प्रवास हे सगळं रोखीनं भागवावं लागतं. हातात रोकड नसते, म्हणून बरा खेळाडू पडेल त्या भावात विकला जातो.

नवा मालक बहुधा जुनी कंपनी घेतच नाही. खेळाडूंचे करार, नाव, बोधचिन्ह आणि लीगचा सदस्यत्वाचा शेअर तो नव्या कंपनीत नेतो. यातला शेअर सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर संघ आहे, मैदान आहे, पण खेळायला लीग नाही. आणि तो कुणाच्या नावावर करायचा हे ईएफएल, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या तीन लीग चालवणारी संस्था, ठरवते. घोडं अडतं ते इथे.

ईएफएलची अट अशी: फुटबॉलमधले धनको, म्हणजे खेळाडूंचे थकलेले पगार आणि इतर क्लबांचे ट्रान्सफरचे हप्ते, पूर्ण फेडायचे. बाकीच्या विनातारण धनकोंना पौंडामागे किमान २५ पेन्स, किंवा तीन वर्षांत मिळून ३५ पेन्स. नाही जमलं तर आणखी १५ गुण जातात.

त्यात करखात्याची जागा बदलली आहे. १ डिसेंबर २०२० पासून थकलेला व्हॅट आणि पगारातून कापलेला कर यांना साध्या धनकोंच्या आधी हक्क मिळतो. त्याआधी करखातं त्यांच्याच रांगेत उभं असायचं आणि तडजोडीत त्याचा मोठा हिस्सा बुडायचा. अडचणीतला क्लब नेमका हाच कर आधी थकवतो, कारण पगार चुकला तर त्याच दिवशी बोंब होते, कर चुकला तर काही महिने बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून क्लब एक पौंडाला मिळाला तरी पहिल्या दिवशी लागणारा पैसा कोटींत असू शकतो.

गोल_किक
मैदानाबद्दल डर्बी काउंटी बघा. २०१८ मध्ये प्राइड पार्क तेव्हाचे मालक मेल मॉरिस यांच्याच दुसऱ्या कंपनीला ८.११ कोटी पौंडांना विकलं गेलं. वहीत नफा दिसला, पण क्लब स्वतःच्याच घरात भाडेकरू झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रशासक आले तेव्हा विकायला क्लब होता, मैदान नव्हतं. त्यामुळे एकाच वेळी दोन व्यवहार जुळवणं भाग पडलं. अखेर डेव्हिड क्लोज यांनी आधी मैदान घेतलं आणि १ जुलै २०२२ ला क्लब.

त्या मोसमात ॲडमिनिस्ट्रेशनचे १२ आणि हिशेबातल्या गैरप्रकारांचे ९ असे २१ गुण कापले गेले. डर्बी ३४ गुणांवर खालच्या लीगमध्ये गेला. मैदानावर त्या पोरांनी ५५ कमावले होते, आणि रेडिंग हा क्लब ४१ गुणांवर वाचला. चूक कार्यालयातली आणि शिक्षा ड्रेसिंग रूमला, हे मला अजूनही पटत नाही.

उत्तर_स्टँड
हे आधी ओळखता येतं का?

हिशेबतपासनीस
बऱ्यापैकी. कंपनीज हाउस या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या साइटवर क्लबच्या कंपनीचं नाव टाका, फुकट आहे. ताळेबंद वर्षअखेरीपासून नऊ महिन्यांत यायला हवा. थकला असेल तर समोरच दिसतं. मग ‘चार्जेस’ उघडा. कर्ज कुणी दिलं, तारण काय, नोंद कुठल्या तारखेची, हे तिथे असतं. तारण नोंदवायची मुदत २१ दिवस. वर्षभरात ओळीनं नवे सावकार दिसले तर जुनं कर्ज नव्या कर्जातून फेडलं जातंय असं समजा. मैदानाचा मालक कोण हे लँड रजिस्ट्रीत थोडी फी भरून कळतं. मालकाची साखळी परदेशातल्या कंपनीपाशी थांबली तर पुढचं शोधणं अवघड.

करखात्याचा कंपनी बंद करण्याचा अर्ज गॅझेटमध्ये छापून आला की बँक सहसा खातं गोठवते. त्यानंतर हातात फार दिवस नसतात.

भाडेपट्टा
२०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली मैदान ‘समुदायाची मालमत्ता’ म्हणून नोंदवता येतं. मालकानं ते विकायला काढलं तर सहा आठवड्यांत स्थानिक गटानं इरादा कळवायचा, मग एकूण सहा महिने विक्री थांबते. मालकावर त्याच गटाला विकायची सक्ती मात्र नाही. आणि मैदान ज्या कंपनीच्या नावावर आहे ती कंपनीच विकली, तर ही तरतूद लागूच होत नाही. पुष्कळ लोक इथे फसतात. २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्यानं वरच्या पाच पातळ्यांवरच्या क्लबांना मैदान विकण्याआधी नियामकाची मंजुरी बंधनकारक केली.

तिकिटाचं: ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये सामने चालू असतील तोवर तिकीट बहुतेक वेळा चालतं. क्लब पूर्ण बंद झाला तर तुम्ही विनातारण धनको, म्हणजे रांगेत जवळजवळ शेवटी. तिकीट १०० पौंडांहून महाग आणि क्रेडिट कार्डावर थेट क्लबकडून घेतलेलं असेल तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली बँकेकडे मागा. डेबिट कार्डाला हे कलम नाही, तिथे चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याचा, अर्ज करायचा आणि तो लवकर करायचा. पावती आणि क्लबची ईमेल आजच उतरवून ठेवा, साइट बंद पडली की मिळत नाहीत.