डॅस्ट (ओएचच्या जागी फ्लोरिन बसवणारं रसायन) वापरल्यावर फ्लोरिन शेजारच्या कार्बनवर कसा गेला? मेकॅनिझमसाठी मदत हवी

एल-सेरीनचा मिथाइल एस्टर घेतला, नायट्रोजनवर दोन बेंझिल लावले आणि ओएचच्या जागी फ्लोरिन आणायला डायक्लोरोमिथेनमध्ये 0 अंशाला डॅस्ट घातलं. पुस्तकातली मेकॅनिझम सरळ आहे: अल्कोहोलचा ऑक्सिजन सल्फरला जोडला जातो, एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड) सुटतो, मग फ्लोराइड मागच्या बाजूने हल्ला करून ऑक्सिजनला सल्फरसकट हाकलतो. म्हणजे टोकाला सीएच2एफ यायला हवा.

टीएलसीवर (शुद्धता बघायच्या पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) एकच डाग, मास स्पेक्ट्रममधलं रेणूचं वस्तुमानही बरोबर, पण एनएमआर (कुठला अणू कुठे आहे हे दाखवणारा स्पेक्ट्रम) वेगळंच सांगतोय. फ्लोरिनचा सिग्नल −225 पीपीएमच्या आसपास शोधत होतो, तो आलाय −190च्या जवळ. प्रोटॉनमध्ये 5 पीपीएमजवळ एकाच हायड्रोजनचा सिग्नल आहे, त्यात साधारण 49 हर्ट्झची फूट. एस्टरचा कार्बोनिल कार्बनसुद्धा 24 हर्ट्झने दुभंगलाय, म्हणजे फ्लोरिन त्याच्या शेजारच्याच कार्बनवर बसलाय. आणि नायट्रोजन सरकून टोकाला!

आमच्याकडे एकाचं म्हणणं, कार्बोकॅटायन (धन प्रभार असलेला कार्बन) होऊन रीअरेंजमेंट झाली. प्रायमरी कॅटायन मला पटत नाही. हायड्राइड सरकला म्हणावं तर सीएच3 दिसायला हवा, तो कुठेच नाही. बाण नेमके कसे काढायचे? आणि फ्लोराइड गर्दीच्या कार्बनवर का गेला?

प्रतिसाद 1
कॅटायन विसरा. डायबेंझिल नायट्रोजनची इलेक्ट्रॉन जोडी मोकळी आहे. फ्लोराइड पोचायच्या आत तीच सीएच2 वर हल्ला करून सल्फरचा गट हाकलते आणि तीन अणूंच्या कड्याचं अझिरिडिनियम तयार होतं. मग फ्लोराइड अल्फा कार्बनवर (कार्बोनिलच्या शेजारच्या) मागून येतो, कडं उघडतं, नायट्रोजन टोकाला राहतो. गर्दी आहे हे खरं, पण शेजारी कार्बोनिल असला की एसएन2 (मागून हल्ला करून गट बदलणारी अभिक्रिया) वेगाने होते. इथे तेच भारी पडतं. ही ओळखीची रीअरेंजमेंट आहे, अल्फा-फ्लोरो-बीटा-अलानिन करायला मुद्दाम वापरतात.

धागाकर्ता
पटतंय. पण हे सिद्ध कसं करू? गाइड पुरावा मागणार.

प्रतिसाद 1
कायरल एचपीएलसी (आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं वेगळी करणारी क्रोमॅटोग्राफी) करा, शेजारी रॅसेमिक (दोन्ही रूपं समान असलेल्या) सेरीनपासून केलेलं उत्पादन ठेवा. अल्फा केंद्रावर एकदाच इन्व्हर्जन (रचना उलटणं) होत असेल तर एकच एनॅन्शिओमर (त्या दोनपैकी एक रूप) दिसेल. मोकळा कॅटायन असता तर मिश्रण झालं असतं.

प्रतिसाद 2
एक कंट्रोलही लावा: नायट्रोजनवर बेंझिलऐवजी बेंझॉइल. जोडी अमाइडमध्ये अडकते, मग नायट्रोजनऐवजी अमाइडचा ऑक्सिजन हल्ला करतो आणि ऑक्साझोलिन मिळतं. शेजारचा गट मध्ये पडतो हे त्यातूनही दिसेल. बाकी क्वेंच (उरलेलं डॅस्ट निकामी करणं) बायकार्बोनेटने, थेंबथेंब. फेस जोरात येतो. आणि डॅस्ट असलेलं मिश्रण तापवून डिस्टिल करायला जाऊ नका, 90 अंशांच्या आसपास ते स्फोटक होतं.