शिरोळच्या क्षारपड रानात अजून ऊसच का?

काळवट : आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्यात पाऊस पाच-सहा हजार मिलिमीटर, शिरोळात जेमतेम पाचशे. पीक मात्र दोन्हीकडं ऊसच. नदीचं पाणी उपसून भारी काळ्या रानात वर्षानुवर्षं पाजलं. निचरा नाही, त्यामुळं पाण्याची पातळी मुळांपर्यंत आली. वरचं पाणी उडतं, मीठ मागं राहतं आणि वरंब्यावर पांढरा थर धरतो. ऊस सोडा, सोयाबीन-हरभरा घ्या.

आडसाली : हरभरा? क्षारात उसाच्या आधी तोच जळतो. आणि २०१९ च्या महापुरासारखं पाणी चढलं की सोयाबीन दोन-तीन दिवसांत कुजतं. उसाचा शेंडा पाण्यावर राहिला तर पीक तगतं. पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत) गाळ बसला तर मात्र शेंडा मरतो, कांडीवरचे डोळे फुटतात आणि उतारा (उसातनं निघणारी साखर) पडतो. तरी एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा उसाचा किमान दर, कायद्यानं बांधलेली आहे. २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३,५५० रुपये, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. सोयाबीनला अशी हमी कोण देतो?

काळवट : बरं, हरभऱ्याचं मागं घेतो. पण मोटर ऑटोवर (वीज आली की आपोआप सुरू) टाकून रात्रभर पाट सोडायचा, त्याचं काय? साडेसात एचपीपर्यंत बिल माफ, मग बंद करायला उठतंय कोण!

निचरा : भांडण पिकाचं नाही, पाणी बाहेर काढायचं आहे. आधी माती तपासा. ईसी (क्षारांचं माप) ४ च्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर रान क्षारयुक्त. तिथं जिप्सम म्हणजे पैसे मातीत. जिप्सम चोपणाला, म्हणजे सोडियम साठलेल्या रानाला, आणि तेही निचरा असेल तरच. नाहीतर सुटलेला सोडियम जाणार कुठं? निचऱ्यासाठी रानात गाडायचे ८० मिलिमीटरचे सच्छिद्र पाईप, वर गाळणीचं कापड, साधारण चार फूट खोल, शंभर फुटाला दोन-तीन इंच उतार. पाईपला मध्येच पोट पडलं की तिथं गाळ बसतो आणि वरची सगळी ओळ बंद. एकट्याच्या एकरात हे जमत नाही, खालच्या रानातनं वाट लागते. ओढ्यापर्यंतचे सगळे बांधकरी एकत्र यायला पाहिजेत.

आडसाली : आणि पावसाळ्यात कृष्णेची फुग (तुंबून मागं सरकलेलं पाणी) ओढ्यात शिरली की पाईपचं तोंड बुडतं, त्याचं काय?

निचरा : तोंडाला झडप लावा, पाणी उलटं येत नाही. फुग लांबली तर शेवटी हौद बांधून मोटरनं उपसायचं.

आडसाली : म्हणजे परत मोटर!

काळवट : ही तरी ऑटोवर टाका.