मदत हवी आहे: मुलांसोबत ऑफ-रोड बग्गीत बसण्यापूर्वी काय तपासावे?

पुढील रविवारी आम्ही चौघे (मुले 9 आणि 13 वर्षांची) पुण्याहून लोणावळ्याजवळ बग्गी चालवण्यास जाणार आहोत. हँडलची, एकाच चालकासाठी बनवलेली एटीव्ही (मोटरसायकलसारखी बसायची चार चाकांची ऑफ-रोड गाडी) मागे मूल बसवल्यास तोल जाऊन उलटण्याची भीती असल्याने ती वगळली असून रोल केज (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) आणि सीटबेल्ट असलेली, शेजारी-शेजारी आसनांची बग्गीच घेणार आहोत. मुले चालवणार नाहीत. पाठ आसनाला टेकवल्यावर धाकट्याचे पाय तळाला पोहोचले नाहीत, तर तो बसणारही नाही. आयएसआय चिन्हाची हेल्मेट घरूनच नेऊ. भाड्याने देणाऱ्यांना फोन केला, पण ‘काही होत नाही, साहेब’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही (त्यानेच काळजी वाढली). पैसे भरण्याआधी, यांत्रिक माहिती नसलेल्या माणसाने केज, बेल्ट, ब्रेक आणि टायर नेमके कसे तपासावेत, आणि पावसाने निसरड्या झालेल्या उतारावर जाणे कोणत्या स्थितीत सरळ नाकारावे?