पीसी चालू होतो, पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच

अमळनेरकर: भो, डेस्कटॉपचं बटण दाबलं की पंखे फिरतात, लाइट लागते पण मॉनिटरवर नो सिग्नल, बीप पण नाही. मॉनिटर आणि केबल लॅपटॉपला लावून पाहिले, चांगले चालतात. बहिणीच्या सीईटीच्या नोट्स आत आहेत हो.

भुसावळवाला: वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच लाव, मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किट बोर्डला) नाही. नोट्सचं टेन्शन नको घेऊ दादा, डिस्प्ले गेला म्हणजे हार्डडिस्क गेली असं नसतं.

जळगाव_रिपेअर: पहिले रॅम (मदरबोर्डवरची मेमरीची पट्टी) बघ, आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ लई. पॉवरची वायर काढ, बटण थोडा वेळ दाबून धर, मग रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरने हलकी घास, पुस आणि टक आवाज येईपर्यंत दाबून बसव, दोन असतील तर एकेकच लावून बघ.

धुळेकर: नाहीच झालं तर वायर काढलेली असतानाच मदरबोर्डवरचा गोल सीआर२०३२ सेल पाचेक मिनिटं काढून ठेव, बायोस (पीसी सुरू करणारी सेटिंग) रिसेट होतं. प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची वायर ढिली असली तरी पंखे फिरतात अन् डिस्प्ले येत नाही. एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) मात्र उघडू नको, बंद असला तरी आत करंट राहतो.

अमळनेरकर: एका रॅमवर आला डिस्प्ले!! दुसरी लावली की परत काळा.

जळगाव_रिपेअर: दुसरी एकटीच पहिली चालली त्या स्लॉटमध्ये (खाचेत) लाव, तरी काळा आला तर रॅम गेली, डिस्प्ले आला तर दुसरा स्लॉट खराब. त्याआधी नोट्स पेनड्राइव्हवर घे.