गुडघेदुखीला डिप्रेशनची गोळी का देतात? कोणी नीट समजावून सांगेल का

मृण्मयी_क
आईचे दोन्ही गुडघे झिजलेत, वय ६७. पेनकिलरनी पित्त इतकं वाढलं की ऑर्थोच्या डॉक्टरांनी त्या बंद करून ड्युलोक्सेटिन सुरू केलं. भावाने गुगल केलं तर डिप्रेशनची गोळी निघाली आणि त्याने ते आईसमोरच वाचून दाखवलं! आता आई म्हणते, म्हणजे मला काय वेड लागलंय का, मी काय उगाच कण्हते का. गोळी घ्यायला तयारच नाही. डॉक्टर म्हणाले होते की मेंदूत दुखणं दाबणारी यंत्रणा असते, तिला मदत होते, पण ओपीडीत एवढी गर्दी की पुढे विचारताच आलं नाही. आणि एक, भाची आली की आई दोन दोन तास ओट्यापाशी उभी राहून तिच्यासाठी पुरणपोळ्या करते, रात्री मात्र पाय धरून बसते. हे कसं काय?

भूलवाला_डॉक
ताई, आईंना आधी सांगा की दुखणं शंभर टक्के खरं आहे, कोणीही ते मनाचं म्हणत नाहीये. मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जू सुरू होतो त्याच्या बरोब्बर वर, ब्रेनस्टेम असतो, अंगठ्याएवढा जाड. त्याच्या वरच्या भागात पेरिॲक्विडक्टल ग्रे नावाचा पेशींचा पुंजका आहे, तिथून निरोप खाली मेड्युलात, म्हणजे ब्रेनस्टेमच्या खालच्या भागात जातो आणि तिथून मज्जारज्जूत, म्हणजे गुडघ्याकडून आलेली वेदना जिथे पहिल्यांदा पोचते नेमकं तिथेच. वर मेंदूला कळायच्या आधीच तिचा जोर कमी करता येतो. १९६९ मध्ये रेनॉल्ड्स नावाच्या संशोधकाने उंदरांच्या या पुंजक्याला बारीक विजेचा प्रवाह दिला आणि भूल न देता पोटाचं ऑपरेशन केलं, उंदीर जागे होते! मी रोज भूल देतो तरी हे वाचताना दरवेळी थक्क होतो.
आता गोळीचं. हे खाली येणारे निरोप बऱ्याच अंशी सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिनवर चालतात आणि ड्युलोक्सेटिन ती दोन्ही जास्त वेळ टिकवतं. डिप्रेशनमध्येही तीच रसायनं, म्हणून गोळी एक पण काम वेगळं. अमेरिकेत २०१० पासून सांध्यांच्या आणि कंबरेच्या जुनाट दुखण्यासाठी तिला रीतसर मान्यता आहे. फक्त एका दिवसात फरक पडत नाही, काही आठवडे द्यावे लागतात, आणि मनाने एकदम बंद करायची नाही.

फिजिओ_सांगली
डॉकना अनुमोदन. फक्त एक भर घालते, ही यंत्रणा दोन्ही बाजूंनी चालते. मेड्युलात काही पेशी दुखणं दाबतात तर काही उलट वाढवतात, त्यांना ऑफ-सेल आणि ऑन-सेल म्हणतात. भीती, काळजी, लक्ष कुठे आहे याचे निरोप वरच्या मेंदूतून याच ब्रेनस्टेमकडे येतात. त्यामुळे नात समोर असताना आई उभ्या राहतात ते नाटक नाही, आणि रात्री लक्ष वेधायला दुसरं काहीच नसताना कळा जाणवतात तेही नाटक नाही, त्यात झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दाबायची ताकद अजून कमी. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर प्रयोग झाला होता, खोट्या औषधाने ज्यांना आराम पडला त्यांना नॅलॉक्सोन दिल्यावर, म्हणजे मॉर्फिनचा परिणाम घालवणारं औषध, दुखणं परत वाढलं. म्हणजे शरीराने स्वतःचं मॉर्फिनसारखं रसायन खरोखर सोडलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या आज्यांना मी म्हणूनच ‘जपा हं, गुडघा पार घासलाय’ असं कधी बोलत नाही. घाबरलेली बाई पाय हलवत नाही, आणि न हलवलेला गुडघा जास्त दुखतो. मांडीचे व्यायाम बंद करू नका.

मृण्मयी_क
खूप खूप आभार दोघांचे. आईला वाचून दाखवलं, उंदरांचं ऐकून म्हणाली बिचारे. गोळी घेते म्हणालीये. पण जास्त दुखलं की ती आमच्या जुन्या डॉक्टरांनी दिलेली ट्रॅमाडॉल पण घेते, ते चालेल ना?

भूलवाला_डॉक
थांबा! दोन्ही एकत्र देऊ नका. ट्रॅमाडॉलनेही सेरोटोनिन वाढतं, दोन्ही मिळून ते फार झालं तर थरथर, घाम, ताप, गोंधळ असं होऊ शकतं. ऑर्थोना आजच फोन करून सांगा ट्रॅमाडॉल चालू आहे म्हणून, बीपी आणि बाकी सगळ्या गोळ्यांची यादीही द्या. आणि ड्युलोक्सेटिन जेवणानंतर द्या, सुरुवातीला मळमळतं.